चेहरा हे ज्यांचे हत्यार



व्याख्यानमालेचे चिटणीस मजकडे विषय विचारावयास आले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, "सिनेमा-नाटकांतल्या चरित्र अभिनेत्यांवर बोलतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हरकत नाही, विश्रांती म्हणून हलकाफुलका विषय घेतलात." त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही, कारण निमंत्रण परत जाण्याची भीती होती. आता मी व्यासपीठावर आलो आहे, तेव्हा सांगून टाकतो. मी विषय बदललेला नाही. तीस वर्षे ज्या लोकांची बाजू मांडत आलो, त्यांच्याच एका भाऊबंदांविषयी आज बोलणार आहे.

चरित्र अभिनेता म्हणजे कोण? जो नायक नव्हे, नायिका नव्हे, आणि गर्दीतला हुकमी माणूसही नव्हे, तो. नायकाचा बाप, नायिकेची मावशी, गावचा पाटील, सावकार, वकील, फौजदार, खाणावळवाली, मशिदीतले म्हातारे इमामसाहेब ही सारी त्याची राज्ये. आपण चित्रपट पाहून बाहेर पडलो की नायकाचे नाव घेतो आणि याच्याविषयी म्हणतो, "तो नाही का, त्या अमक्यात बाप होता तो!" चेहरा आपल्या घरातल्यासारखा ओळखीचा, पण नाव मात्र ओठांवर येत नाही. निम्मे आयुष्य या मंडळींनी अशा 'तो नाही का' मध्ये काढलेले असते.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? मी समीक्षक नाही. माझी शाळा आठवीत सुटली, आणि पुढचे शिक्षण नगर वाचनालयाच्या लांब टेबलावर झाले. पण मी एकदा चरित्र अभिनेता होतो. कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धेत आमच्या चमूने एक तीन अंकी नाटक बसविले होते. मी तेव्हा बाविशीचा, आणि माझ्या वाट्याला साठीचा बाप आला. केसांना पावडर लावली, काठी घेतली, तरी तालमीत दिग्दर्शक म्हणे, "हा म्हातारा नाही, काठी घेतलेला पोरगा आहे." शेवटी काय सुचले कोण जाणे, मी बोलण्यापूर्वी खोकू लागलो. वाक्याच्या आधी एक ठसका, मग छातीवर तळवा, मग वाक्य. प्रयोग रंगला. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "खोकला बापाचा उचललास. त्याला विचारलंस का?"

माझे वडील परळच्या एका गिरणीत कताई खात्यात होते. कापसाचे तूस वर्षानुवर्षे छातीत गेले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. त्यांना पुन्हा आत घेतले गेले नाही. माझ्या नाटकाच्या वेळी गिरणी सुटून दहा वर्षे झाली होती, खोकला सुटला नव्हता. मी त्यांना विचारले नव्हते, हे खरे. चरित्र अभिनेत्याच्या कामाची पहिली ओळख मला अशी झाली. नायकाला लेखक वाक्ये देतो, संगीतकार गाणी देतो, कॅमेरा जवळ येऊन त्याच्या डोळ्यांतले पाणी दाखवतो. चरित्र अभिनेत्याला यातले काही मिळत नाही. त्याला तीन-चार मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात एक पुरा माणूस उभा करावा लागतो. तो माणूस त्याने कुठून तरी आणलेला असतो. कोणाच्या तरी चालण्यातून, कोणाच्या तरी खोकल्यातून.

जुन्या मंडळींनी हे काम किती उंचीवर नेले होते, याचा एकच दाखला देतो. प्रभात कंपनीचा 'कुंकू' १९३७ सालचा. नाव घेतले की शांता आपटे आठवतात, आणि ते योग्यच आहे. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराचे बंड त्यांनी जिवंत केले. पण तो चित्रपट उभा राहतो तो समोरच्या म्हाताऱ्या काकासाहेबांवर. ते काम केशवराव दात्यांचे. दाते रंगभूमीवर मुरलेले नट. त्यांनी काकासाहेबांना राक्षस केला असता तर प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या असत्या आणि घरी जाऊन सारे विसरून गेले असते. त्यांनी तो एक सभ्य, समाजात मान असलेला वकील केला. आपण काय करून बसलो हे त्याला हळूहळू उमगत जाते आणि ते ओझे त्याला पेलत नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या अनेक काकासाहेबांना त्या संध्याकाळी आपला चेहरा आरशात दिसला असेल. हे खलनायकाने होत नाही. चरित्र अभिनेत्यानेच होते.

आता जरा व्यवहाराकडे वळू, कारण माझा खरा धंदा तो आहे.

नाटक मंडळ्यांच्या काळी नट महिन्याच्या पगारावर असे. पगार पुष्कळदा थकत असे, मालक कर्जात बुडत असे. पण मंडळीचे बिऱ्हाड एक, पंगत एक. दुय्यम भूमिका करणाराही त्याच पंगतीला जेवे. पुढे बोलपट आले, तेव्हा प्रभातसारख्या चित्रसंस्थांनी हीच रीत उचलली. नट, सुतार, रंगारी, छायाचित्रकार सारे मासिक पगाराचे नोकर. काम असो वा नसो, पहिल्या तारखेला पगार. ही पद्धत म्हणजे रामराज्य होते असे मी म्हणणार नाही. करारात बांधलेल्या नटाला दुसरीकडे काम करता येत नसे. याच शांता आपटे १९३९ साली कराराच्या तंट्यावरून प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या, आणि वर्षभरात 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. नायिकेने मालकाच्या दारात उपोषण करावे, हा प्रकार त्या काळी केवढा खळबळजनक वाटला असेल! आमच्या चळवळीच्या इतिहासात त्यांचे नाव कोणी घेत नाही. घ्यावयास हवे.

दुसऱ्या महायुद्धात ठेक्यांचा आणि काळ्या बाजाराचा पैसा सिनेमात शिरला. या नव्या भांडवलवाल्याला चित्रसंस्था चालवावयाची नव्हती. त्याला एक चित्रपट काढून पैसा दुप्पट करावयाचा होता, आणि त्यासाठी तिकीट खपविणारे एक-दोन चेहरे पुरेसे होते. तो त्या चेहऱ्यांना वाटेल ती रक्कम देऊ लागला. पगारी नट चित्रसंस्था सोडून कंत्राटावर गेले. १९५३ साली प्रभात बंद पडली. १९६० पासून तिच्या पुण्याच्या आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. नायकाला या बदलात सोन्याची खाण लागली. चरित्र अभिनेत्याच्या हातून मात्र पहिली तारीख गेली. आता दिवसाचा हिशेब, शिफ्टचा हिशेब. रंगभूमीवर 'नाईट'चा हिशेब. प्रयोग झाला तर नाईट मिळेल, प्रयोग रद्द झाला तर घरी जा. सकाळी एका स्टुडिओत बाप, दुपारी दुसऱ्यात न्यायाधीश. नायकाच्या तारखा जुळेनात म्हणून चित्रण पुढे ढकलले की या माणसाचा महिना बुडतो. आमच्या नाक्यावरचा बिगारी आणि तो यांत फरक एवढाच, की बिगाऱ्याला लोक रस्त्यात ओळखत नाहीत.

आणि हे ओळखणे महागात पडते. गर्दीतून लोकलने जाता येत नाही, कपडे नीट हवेत, कोणी चहाला बोलावले तर बिल आपणच द्यावे लागते. 'सिनेमावाला' आहे, पैसा असणारच!

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून मी आता तुम्हांला एका थपडेची हकीकत सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती ऐकली असेल. पण तिच्याकडे कामगार चळवळीच्या डोळ्यांनी कोणी पाहिलेले मला आढळलेले नाही.

ललिता पवार यांचा जन्म १९१६ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. मूळ नाव अंबिका. पैठणीच्या गावातली ही मुलगी मूकपटांच्या काळात बालनटी म्हणून पडद्यावर आली, ती महिना अठरा रुपयांवर. पुढे ती नायिका झाली. घोड्यावर बसणारी, मारामारीची दृश्ये करणारी देखणी नायिका. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रणात सहनटाने तिला थप्पड मारण्याचा प्रसंग होता. थप्पड हिशेबाबाहेर जोरात बसली. चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. उपचार तीन वर्षे चालले असे सांगतात. चेहरा बराचसा परतला. डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

आमच्या भाषेत याला कामावरील अपघात म्हणतात. कामाच्या जागी, कामाच्या वेळी, कामाच्या ओघात झालेली इजा. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा त्या काळी होता. पण एका नटीचा चेहरा हे कामगाराचे हत्यार आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसावे. या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कोणता अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली, ते त्यात मांडलेले. माझा हा तक्ता जवळजवळ पाठ आहे, आणि पाठ असावा लागतो ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला, तर चाळीस टक्के. पुढच्या दुरुस्त्यांनंतर त्यात असेही आले, की चेहरा अतिशय विद्रूप झाला तर शंभर टक्के. पण डोळा गेलेला नाही, नुसता बारीक झाला आहे, चेहरा विद्रूप नाही, नुसता थोडा वाकडा झाला आहे, यासाठी किती टक्के? तक्त्यात असा रकाना नव्हता. कारकुनाला त्या डोळ्याने रजिस्टर लिहिता येईल. नायिकेला मात्र नायिका राहता येत नाही.

आमच्या युनियनचा एक सभासद होता, प्रेसवर काम करणारा. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. कंपनीने त्याला काढले नाही, एवढे मान्य केले पाहिजे. फाटकावर आलेल्या मालाची नोंद करावयास बसविले. कुशल कामगाराचा दर मात्र गेला. मी वर्षभर भांडलो, थोडे मिळाले, बरेच नाही. तो म्हणे, "साहेब, बोटांचं दुःख नाही. फाटकावर बसून मी दुसऱ्याला प्रेसवर बघतो ना, ते नको वाटतं."

ललिताबाईंनाही असेच फाटकावर बसविले गेले. सव्विसाव्या वर्षी अपघात झाला, आणि त्यानंतर त्या नायिकेच्या शेजारी उभ्या राहू लागल्या. उपचारांचा काळ पुरता सरलाही नसेल तोच, १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' पडद्यावर आला आणि त्यात 'ध'चा 'मा' करणारी म्हणून महाराष्ट्राने जिला शापिले ती आनंदीबाई ललिताबाईंनी केली. अंगावर औषध आणि हातात काम, हे कामगाराच्या घरात नवीन नाही.

पण इथून पुढे जे घडले ते आमच्या प्रेसवाल्याच्या नशिबी नव्हते. ज्या डोळ्याने त्यांची नायिकेची जागा गेली, त्याच डोळ्याचे त्यांनी हत्यार केले. तो बारीक डोळा किंचित आणखी आवळला की साऱ्या हिंदुस्थानातल्या सुनांच्या पोटात गोळा येई. हे सोपे समजू नका. सासू पुष्कळांनी केली. ललिताबाईंची सासू पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली की डब्यातली साखर किती उरली आहे हे तिला ठाऊक आहे, असे वाटे. आणि तोच डोळा मायेने भरून आणताही येत होता. १९५५ सालच्या 'श्री ४२०' मधली केळीवाली गंगामाई आठवा. १९५९ सालच्या 'अनाडी' मधली मिसेस डिसा आठवा. घरभाड्यासाठी भाडेकरूवर ओरडणारी आणि पाठ वळताच त्याच्यासाठी जीव टाकणारी. या कामाबद्दल त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर, १९८७ साली, दूरदर्शनच्या 'रामायणा'त त्यांनी मंथरा केली. आमच्या चाळीत रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसे एका दूरचित्रवाणी संचापुढे बसत. राम-सीता आले की आजीबाई हात जोडत, आणि मंथरा आली की त्याच आजीबाई बोटे मोडत. मला वाटते, नटाला याहून मोठी पावती नाही.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या. यजमान शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते, घरात दुसरे कोणी नव्हते. त्या गेल्याचे बाहेर कळावयास दोन दिवस लागले.

आता थपडेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. थप्पड मारणारा सहनट म्हणजे भगवान आभाजी पालव, आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा. जन्म १९१३ चा. स्वतः मजुरी केलेली, तालमीत अंग कमावलेले. कमी पैशांत, कमी दिवसांत निघणाऱ्या मारधाडीच्या चित्रपटांत त्यांचे बस्तान होते. गिरणगावातली आणि तशाच वस्त्यांतली कामकरी माणसे हा त्यांचा प्रेक्षक. अशा चित्रणात तालमीला वेळ नाही, जपून काम करावयास सवड नाही. एक थप्पड चुकीची बसली यात मी त्या एका माणसाला दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. आमच्याकडे प्रेसवर हात गेला की आधी विचारतात, कामगाराचे लक्ष कुठे होते? मी आधी विचारतो, प्रेसला संरक्षक जाळी का नव्हती?

याच भगवानदादांनी १९५१ साली 'अलबेला' काढला. दिग्दर्शन त्यांचे, नायक तेच, संगीत सी. रामचंद्रांचे, नायिका गीता बाली. बुटका, गुबगुबीत, रूपाचा पत्ता नसलेला नायक, आणि सारा देश त्याच्यावर खूष! त्यांचा नाच शिकलेल्या माणसाचा नव्हता. खांदे जरासे उडवावयाचे, हात जागच्या जागी हलवावयाचे, पाय जमिनीला जवळजवळ चिकटलेले. गणपतीच्या मिरवणुकीत कामगाराला नाचता येईल तेवढेच. म्हणून तर तो नाच कामगारांचा झाला. पैसा आला, जुहूला बंगला झाला, मोटारी आल्या. मग पुढचे चित्रपट पडले आणि सारे आले तसे गेले. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले.

यानंतरची त्यांची वर्षे मला 'अलबेला'पेक्षा महत्त्वाची वाटतात. ते मिळेल ते काम करू लागले. एका गाण्यापुरते, एका प्रसंगापुरते. वऱ्हाडात नाचणारा, चौकात नाचणारा एक लठ्ठ म्हातारा. ज्या स्टुडिओत एके काळी ते 'सीन' लावीत, तिथे मेकअप करून बाकावर बसून राहावयाचे आणि हाक आली की उठावयाचे. कित्येक जण अशा वेळी घरात तोंड लपवून बसतात. दादांनी तोंड लपविले नाही, कारण तोंड हेच विकावयाचे होते. थप्पड खाणारी नायिका चरित्र अभिनेत्री झाली. थप्पड मारणारा नायक होऊन शेवटी त्याच बाकावर आला. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले. हे सांगताना मला कोणाला न्याय मिळाला असे म्हणावयाचे नाही. दोघेही मजूर होते.

या धंद्यातली आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. तिला 'शिक्का बसणे' म्हणतात. जगदीश राज नावाचे नट होते. त्यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केला, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आपण हसतो. पण निर्मात्याच्या बाजूने पाहा. त्याला दोन मिनिटांत दाखवावयाचे आहे की पोलीस आले. जगदीश राज दारात उभे राहिले की काम झाले. ओळख करून देण्यात फिल्म खर्ची पडत नाही. शिक्का म्हणजे नटाची रोजीरोटी, आणि शिक्का म्हणजेच त्याची कोठडी. बायकांच्या बाबतीत तर वयालाही शिक्का बसतो. सुलोचनाबाई मराठीत नायिका म्हणून गाजल्या, आणि हिंदीत आई झाल्या. १९७० सालच्या 'जॉनी मेरा नाम' मध्ये त्या देव आनंद आणि प्राण या दोघा भावांच्या आई आहेत. सुलोचनाबाईंचा जन्म १९२८ चा, देव आनंदचा १९२३ चा, प्राणचा १९२० चा. दोन्ही मुलगे आईपेक्षा मोठे! थोरला नायिकेबरोबर गाणी म्हणत राहतो आणि धाकटीचे केस पांढरे करतात. या बाबतीत समान कामाला समान वेतन हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण समान कामच मिळत नाही.

शिक्का फोडून बाहेर आलेला माणूस म्हणजे निळू फुले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात हा माणूस माळी होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यात आला, तिथून सिनेमात. 'सामना'तल्या हिंदुराव धोंडे पाटलापासून गावचा मस्तवाल पुढारी म्हटला की निळूभाऊ, असे समीकरण झाले. खेड्यांतल्या बाया त्यांना खरोखर घाबरत. आणि याच माणसाने १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये दिगू टिपणीस केला; राजकारणाचा खेळ जवळून पाहणारा आणि शेवटी डोके फिरल्यासारखा हसत सुटणारा वार्ताहर. ते हसू ऐकून मी त्या रात्री पायीच घरी गेलो होतो. निळूभाऊंचे आम्हां कार्यकर्त्यांवर एक उपकार आहेत. त्यांनी, डॉ. लागूंनी आणि इतर नटमंडळींनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, त्यातून चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिना मानधन मिळू लागले. ज्यांची स्वतःची पहिली तारीख गेली होती, त्यांनी दुसऱ्यांची पहिली तारीख चालू केली.

कायद्याचे काय, असे तुम्ही विचाराल. १९८१ साली संसदेने सिने-कामगारांसाठी कायदा केला. लेखी करार केल्याशिवाय कोणास कामावर घेऊ नये, असे त्यात होते. ठराविक मर्यादेपर्यंत मेहनताना असलेल्या नटांनाही तो लागू होता. त्याच वर्षी कल्याण निधीचाही कायदा झाला. कागदावर ठीक होते. पण कराराचा आग्रह धरणाऱ्या बापाला 'उद्यापासून येऊ नका' म्हणणे सोपे. बाप दुसरा मिळतो. थकलेले पैसे आणि कामाचे तास यांवरून सिने-कामगारांच्या फेडरेशनला ऑक्टोबर २००८ मध्ये संप करावा लागला, यावरून काय ते समजा. १९८१ चा कायदा आता २०२० च्या संहितेत विरघळला आहे.

शेवटी ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्याच्याविषयी बोलतो. अवतार किशन हंगल. काश्मिरी पंडिताचे घर, बालपण पेशावरचे, धंदा शिंप्याचा. कराचीत कम्युनिस्ट पक्षाचे आणि कामगारांचे काम केले, तुरुंग पाहिला, आणि फाळणीनंतर १९४९ साली मुंबईस आले. इप्टाच्या नाटकांत कामे करीत राहिले. सिनेमात पहिले काम १९६६ सालच्या 'तीसरी कसम' मध्ये, पन्नाशीच्या सुमारास. म्हणजे ज्या वयात गिरणीवाला आपली ग्रॅच्युइटी मोजू लागतो, त्या वयात यांनी नवा धंदा धरला, आणि पुढे दोनशेवर चित्रपटांत कामे केली.

१९७५ च्या 'शोले'तला आंधळा इमाम सर्वांना ठाऊक आहे. मुलाचे प्रेत गावात येते, सारे गप्प होतात, आणि ही शांतता कसली, असे तो आंधळा बाप विचारतो. मला मात्र हंगल म्हटले की १९७३ सालचा 'नमक हराम' आठवतो. त्यात ते बिपिनलाल नावाचे युनियनचे पुढारी आहेत. मालकाचा मुलगा बिपिनलालचा अपमान करतो आणि कामगारांच्या दबावामुळे त्याला माफी मागावी लागते. सूड म्हणून तो आपल्या जिवलग मित्राला मजूर म्हणून गिरणीत घुसवितो. या नव्या माणसाच्या मागण्या मालक मुद्दाम झटपट मान्य करतो, कामगार त्याच्या मागे जातात, आणि निवडणुकीत म्हातारा बिपिनलाल पडतो. हा डाव मी माझ्या आयुष्यात दोनदा पाहिला आहे. एकदा मीच पडलो. ज्यांच्यासाठी रात्री जागलो ती पोरे दुसऱ्याच्या गळ्यात हार घालताना पाहणे काय असते, हे सांगता येत नाही. हंगलांनी ते सांगितलेही नाही. आवाज चढविला नाही, छाती बडविली नाही. शर्टाचे बटण नीट लावलेला, हिशेबाची सवय असलेला एक माणूस त्यांनी उभा केला. चित्रपटात तो बाजूचा माणूस आहे, राजेश खन्ना आणि अमिताभ यांच्या मधून अधूनमधून दिसणारा. पण ज्याने ते काम केले आहे त्याला कळते, की हा नट हे वाचून करीत नाही.

त्याच सुमाराच्या 'गर्म हवा'त ते सिंधमधून उखडून आलेला व्यापारी झाले. तेही त्यांनी पाहिलेलेच होते.

१९९३ साली ते पाकिस्तानच्या राष्ट्रदिनाच्या समारंभास गेले. ज्या भूमीत जन्मलो ती एकदा पाहावी एवढीच इच्छा होती. एका राजकीय पक्षाने बहिष्कार पुकारला, निर्मात्यांनी हात आखडले, तयार चित्रपटांतली त्यांची दृश्ये कापली गेली. हे नायकाच्या बाबतीत करता येत नाही, कारण नायक कापला तर चित्रपटच उरत नाही. चरित्र अभिनेत्याला मात्र कात्रीने उचलून बाजूला ठेवता येते. ऐंशीच्या घरातला हा माणूस घरी बसला. पुढे बहिष्कार निवळला, कामे थोडीबहुत आली. २००६ साली सरकारने पद्मभूषण दिले. २०११ च्या आरंभी वर्तमानपत्रांत बातमी आली की औषधपाण्याला पैसा नाही. मग मदतीचा ओघ सुरू झाला. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी ती बातमी दोनदा वाचली आणि मला विचारले, "दोनशे पिक्चरचा फंड कुठे जातो रे?" मी तीस वर्षे फंडाचे हिशेब मागणारा माणूस, मला उत्तर देता आले नाही, कारण फंड कापलाच गेला नव्हता.

पुढच्या वर्षी, २०१२ च्या मे महिन्यात, 'मधुबाला' नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांना बोलाविणे आले. खुर्चीला चाके लावलेली, वय नव्वदीच्या पलीकडले. ते गेले, मेकअप करून घेतला, दिवे लागले आणि त्यांनी आपले काम केले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २६ ऑगस्टला, ते गेले.